तळल्यावर नाही दिसत

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड. औष्णिक केंद्रांवर धुरातलं गंधक काढणारी यंत्रं बसवायची सक्ती उठली, आता वीज स्वस्त! खाली तीन टाळ्या. काका, बातमी जुलै २०२५ ची आहे. आणि तुमचा फॉरवर्ड वाचला तेव्हा मी छतावर आईच्या कुरोड्या काढत होते.

चंद्रपूरकरांना पुढचं सांगायलाच नको. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक शिजवून, पहाटे पाचला बाजेवर धोतर अंथरून आईनं घातलेल्या कुरोड्या. दुसऱ्या दिवशी वळ्यावळ्यांत काळी पूड. राख, कोळसा, की ट्रकांची धूळ? कोणाच्या नावानं ओरडायचं? आई झटकते, फुंकर मारते आणि म्हणते, "तळल्यावर नाही दिसत."

तळल्यावर नाही दिसत! अख्ख्या देशाचं धोरण सांगून गेली बाई.

डिसेंबर २०१५ मध्ये नियम आला, दोन वर्षांत यंत्रं बसवा म्हणून. २०१७ सरलं. मुदतवाढ. पुन्हा मुदतवाढ. शेवटी सुमारे ७८ टक्के केंद्रांना चक्क माफी. आमच्यासारख्या आधीच गंभीर प्रदूषित गावांजवळच्या केंद्रांचं म्हणे एकेक प्रकरण बघून ठरणार. अजून काय बघायचं राहिलंय? २००९ च्या केंद्रीय प्रदूषण यादीत देशात चौथे होतो आम्ही, ८३.८८ गुण. दहावीला एवढे मिळाले असते तर पेढे वाटले असते.

मान्य, आपल्या कोळशात गंधक कमी. यंत्रं महाग, तेही मान्य. आमच्या गल्लीतली निम्मी घरं कोळशावरच चालतात, बाबांची पेन्शनसुद्धा. पण "सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. गंधक जळून होणारा तो वायू तसाच बसून राहतो काय? हवेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, मग ते पीएम २.५ मध्ये, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांच्या आकड्यात, मोजले जातात. वायूचा आकडा मात्र स्वच्छ. तळल्यावर नाही दिसत, दुसरं काय!

माझ्या चार वर्षांच्या पोराचं नेब्युलायझर आता कपाटात ठेवतच नाही आम्ही, टीव्हीशेजारीच असतं. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून जपा, खिडक्या लावून घ्या. ४५ डिग्रीत! आणि कूलर हवा कुठून ओढतो? परवा त्याचं गवत बदललं, ते कुरोड्यांपेक्षा काळं. जाऊ द्या, डॉक्टर तरी दुसरं काय सांगणार.

काका, तुमच्यावरही राग नाही हो. चिकाची पहिली वाटी दरवर्षी तुम्हीच पळवायचात, आठवतं? फक्त एवढं सांगा, युनिटमागे जे काही पैसे वाचतील ते कोणाचे? आमच्या औषधांची चिठ्ठी कोणत्या बिलात धरली?

हे लिहिता लिहिता आई वर येऊन गेली. उरलेला गहू घेऊन सिंदेवाहीला मामाकडे जाते म्हणाली, कुरोड्या तिकडंच वाळवून आणते.

जिन्यात थांबली, मग म्हणाली, "पोरालाही महिनाभर घेऊन जाऊ काय?"

मी अजून हो-नाही काहीच बोलले नाही.