आश्विनातल्या कुरबुरी आणि ‘आम्ही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. माझ्या लेखावर आपण वेळ काढून एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभारी आहे. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, की २०२३ सालच्या शरद ऋतूत आमच्या पुण्याच्या घरात जे घडले ते मी त्यात लिहिले होते: गोधड्यांचे धुणे, मुलाचा ताप, मुलीची सहामाही परीक्षा, कोजागरीच्या दुधावरून झालेला वाद आणि शेवटी बिघडलेले अनारसे. आपले म्हणणे असे, की शरद म्हणजे टिपूर चांदणे, निवळलेले पाणी आणि सणांची रेलचेल. ते सोडून मी घामाचे आणि रुसव्याफुगव्यांचे रडगाणे गायले. कोजागरी ऑक्टोबरच्या अगदी अखेरीस दाखवून मी तारखेचा घोळ घातला, असेही आपल्याला वाटते. फराळ विकत मिळत असताना घरातल्या बायकांना राबवायचे आणि वर त्यांच्या भांडणाचे प्रदर्शन मांडायचे, हे आपल्याला मुळीच रुचलेले नाही. आणि जाता जाता आपण विचारलेत, की लेखात सगळीकडे ‘आम्ही केले’, ‘आम्ही धुतले’ असे आहे, तर हे आम्ही म्हणजे नेमके कोण?

तारखेचे आधी उरकतो, कारण तिथे चूक नाही. त्या वर्षी श्रावण अधिक होता. १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा महिना जास्तीचा आल्यामुळे पुढचे सगळे सण लांबले. दसरा २४ ऑक्टोबरला आला आणि कोजागरी २८ ऑक्टोबरला, शनिवारी. त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहणही होते, आणि आमच्या घरातला वाद नेमका त्यावरूनच पेटला. लेखात मी तो दोन ओळींत गुंडाळला होता. आपण त्याला ‘क्षुल्लक गोष्टीवरून भांडण’ म्हटले आहे, म्हणून आता नीट सांगतो.

ग्रहणाचा स्पर्श मध्यरात्र उलटल्यावर एक वाजून पाच मिनिटांनी होता, पण आई वेध पाळते आणि वेध दुपारीच लागले होते. मुलगी नववीत, आमच्याकडे ज्येष्ठ अपत्याला कोजागरीला ओवाळतात, म्हणजे ती रात्र तिची. तिने मैत्रिणींना गच्चीवर दूध प्यायला बोलावून ठेवले होते. आईचे म्हणणे, दूध आटवा, नैवेद्य दाखवा, पण प्यायचे नाही. मुलीचे म्हणणे, सावली पडायला अजून चार तास आहेत, दुधाला काय कळते? दोघीही आपापल्या जागी ठाम होत्या आणि मध्ये माझी पत्नी दोन लिटर दूध ढवळत उभी होती, कारण वाद कोणीही जिंकला तरी दूध पातेल्याला लागून चालणार नव्हते. अखेर मैत्रिणींना दूध मिळाले, मुलीला औक्षण मिळाले, आणि आईने आपल्या वाटणीच्या दुधात तुळशीचे पान टाकून ते झाकून ठेवले. रात्री दीडच्या सुमारास मी गच्चीवर गेलो तेव्हा आजी आणि नात एकाच सतरंजीवर बसल्या होत्या. नात मोबाइल वर धरून चंद्राच्या कडेला लागलेल्या डागाचे फोटो काढत होती. आई वर न बघता, तोंडाने जप चालू ठेवून, दर थोड्या वेळाने तिला विचारत होती, ‘किती राहिलं गं?’

या गोष्टीला भांडण म्हणायचे की आणखी काही, हे आपण ठरवावे. पण हा प्रसंग गाळून नुसते चांदणे लिहिले असते, तर ते आमच्या गच्चीवरचे झाले नसते.

आता रडगाण्याविषयी. शरदातल्या चांदण्याशी माझे वैर नाही, परंतु त्या चांदण्याखाली घरात कोणते दिवस चाललेले असतात तेही पाहायला हवे. चार महिन्यांच्या पावसाने कपाटे कोंदटलेली असतात, चपलांवर बुरशी धरलेली असते, डाळी-तांदळात किडे झालेले असतात. घट बसण्यापूर्वी घरातले अंथरूण-पांघरूण झाडून सगळे धुऊन काढायचे, ज्याला आमच्याकडे ‘दसरा काढणे’ म्हणतात, ते काम पितृपंधरवड्यात येते. म्हणजे एकीकडे पक्षाचा स्वयंपाक आणि दुसरीकडे ओल्या गोधड्या. त्यातच परतीचा पाऊस. सकाळी कडकडीत ऊन बघून गोधड्या गच्चीवर टाकाव्यात आणि चार वाजता विजांसह सर यावी, हे त्या आठवड्यात आमच्याकडे दोनदा झाले. चिंब भिजलेली गोधडी एकट्या माणसाला उचलत नाही. तिची दोन टोके दोघांनी धरून पिळावी लागते, आणि आदल्या दिवशीपासून एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन माणसांना तेव्हा निदान ‘धर’ आणि ‘सोड’ एवढे तरी बोलावेच लागते.

पाऊस गेला की ऑक्टोबरचे ऊन. आकाश निरभ्र झाल्याने सूर्य थेट तापतो, जमिनीत आणि हवेत ओल मात्र अजून शिल्लक असते, वारा पडलेला असतो. त्यामुळे हे ऊन वैशाखापेक्षा सौम्य असूनही अंगाची चिकचिक करते आणि माणसाला चिडखोर बनवते. रात्री मात्र पांघरूण लागते. दिवस आणि रात्र यांच्यातली ही तफावत मुलांना बाधते. शिवाय डासांचा हा भराचा काळ. धाकट्याला दसऱ्यानंतर ताप आला, तपासणीत डेंग्यू निघाला, आणि आठ दिवस घरातले सर्वजण दुसरे काहीही न बोलता फक्त प्लेटलेटचे आकडे बोलत होते. तो बरा होऊ लागल्यावर आईने पित्तावर बोट ठेवले आणि मी कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यावर. ‘वैद्यानां शारदी माता’ असे आपल्या पूर्वजांनीच म्हणून ठेवले आहे. शरद ऋतू वैद्यांची आई, कारण ती त्यांना पोसते. चांदण्याचे कौतुक करणाऱ्या संस्कृतीनेच हेही म्हटले, तेव्हा माझ्या तक्रारीला परंपरेचा थोडा आधार आहे असे मानावे.

विकतच्या फराळाविषयी माझा आग्रह नाही. आम्ही चिवडा आणि शेव गेली काही वर्षे बाहेरूनच आणतो, आणि चकली घरचीच हवी असे म्हणणारा माणूस भाजणी दळून आणायला गिरणीच्या रांगेत उभा राहिला, की त्याचे मत आपोआप मवाळ होते, हे मी स्वानुभवाने सांगतो. अनारसे घरी होतात ते आईसाठी. प्रदर्शनाचे म्हणाल, तर लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी आईला वाचून दाखवला होता. तिने ‘हट्टी’ हा शब्द काढायला लावला आणि बाकीचे ठेवू दिले.

आपल्या शेवटच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. आठ दिवस तो डोक्यात घोळत राहिला. मग मी लेख उघडून प्रत्येक ‘आम्ही’खाली पेन्सिलीने नाव लिहीत गेलो. गोधड्या धुतल्या: पत्नीने. किडे पाखडून काढले: आईने. माळा झाडला: मी आणि मुलीने, एका रविवारी, तोही अर्धा. मुलाच्या उशाशी रात्री जागलो: इथे खरोखर आम्ही दोघे, आळीपाळीने. पुढे अनारशांचा परिच्छेद आला आणि पेन्सिल थांबली.

तिथे मी लिहिले होते, की गुळाच्या प्रमाणावरून सासू-सुनेचे पटले नाही आणि अनारसे हसले. अनारसा तुपात सोडल्यावर विरघळून पसरला, की तो हसला म्हणतात. हे सारे घडले हे खरे, परंतु त्याची सुरुवात मी गाळली होती. तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलत, भिजवले होते. गुरुवारी ते निथळून, गॅलरीच्या सावलीच्या कोपऱ्यात पत्नीच्या जुन्या सुती साडीवर पसरले. त्या दिवशी मी घरून काम करत होतो आणि पत्नी कामावर जाताना मला सांगून गेली होती, की हाताला दमट लागतात तोवरच उचला, खडखडीत वाळू देऊ नका. मी बैठकीत अडकलो. ऊन सरकत सरकत कोपऱ्यात आले आणि चार वाजता मी पाहिले तेव्हा दाणा दाताखाली कडकन फुटत होता. मी ते गुपचूप डब्यात भरून ठेवले. कोरड्या तांदळाचे पीठ गुळात मिळून येईना, गोळा वळेना, म्हणून आईने गूळ वाढवायला सांगितला. पत्नी नको म्हणत होती, पण दुसरा मार्गही दिसत नव्हता. गूळ जास्त झाला आणि पहिलाच अनारसा खसखशीसकट कढईभर झाला. पुढचे दोन दिवस त्या दोघी एकमेकींशी कामापुरते बोलत होत्या. त्यातले खरे कारण मला माहीत होते. तेव्हाही मी बोललो नाही, आणि लेखातही त्या दोघींचे ‘प्रमाणावरून पटले नाही’ असे लिहून मोकळा झालो.

तेव्हा रडगाण्याचा आक्षेप मला मान्य नाही, तारखेचा तर नाहीच; मात्र ‘आम्ही’विषयीचा आक्षेप संपूर्ण मान्य आहे. मूळ लेखात जिथे जिथे ते सर्वनाम खोटे होते तिथे कर्ता घातला आहे, आणि अनारशांचा परिच्छेद नव्याने लिहिला आहे. आईला तांदळाची हकिकत काल सांगितली. ती म्हणाली, ‘मला त्याच दिवशी पिठाच्या रंगावरून कळलं होतं.’

हे उत्तर पाठवण्यापूर्वी पत्नीलाही वाचायला दिले. तिने एकच दुरुस्ती सुचवली: मी लिहिले होते की तांदूळ पंचावर पसरले होते, ती तिची जुनी सुती साडी होती. ती दुरुस्ती वर केली आहे.

आपला,
लेखक