‘पोटातली गाठ दुर्बिणीतून काढू नका’: त्या मेसेजला एका पॅथॉलॉजिस्टचं उत्तर

मागच्या महिन्यात एक गृहस्थ लॅबच्या खिडकीशी आले. ओळखीचे होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या आईच्या जठरातली गाठ तपासायला माझ्याकडेच आली होती. आता चुलत्यांना जठराचा कॅन्सर निघालाय आणि सर्जनने दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलंय. “मॅडम, हे जरा बघता का?” म्हणत त्यांनी फोन पुढे केला. आईच्या वेळी फिरत होता तोच मेसेज भावकीच्या ग्रुपवर पुन्हा आला होता.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात गॅस भरतात, त्याने कॅन्सर पसरतो. छोट्या भोकातून गाठ अख्खी निघत नाही, तुकडे करून काढतात. हाताने चाचपता येत नसल्यामुळे कॅन्सर आतच राहतो. हे सगळं बिल वाढवायला काढलेलं फॅड आहे. निम्म्या वेळा शेवटी पोट फाडावंच लागतं. म्हणून घाई करू नका, चार महिने काढा घ्या, मग करायचंच तर उघडून करा.

मी ऑपरेशन करत नाही. पण काढलेलं जठर फॉर्मेलिनच्या बरणीतून माझ्या टेबलावर येतं आणि काम नीट झालं की नाही हे तिथे दिसतं. त्यामुळे यातल्या प्रत्येक मुद्द्यावर मला बोलायचं आहे.

तुकड्यांपासून सुरुवात करते, कारण लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते यालाच. पोटावरची चार-पाच भोकं अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरची असतात, हे खरं. पण गाठ त्यांतून ओढून काढत नाहीत. त्यांतून फक्त दुर्बीण आणि हत्यारं आत जातात. जठराचा भाग आतल्या आत सुटा करायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड आवळायचं आणि बेंबीजवळ चार-पाच सेंटिमीटरचा छेद घेऊन पिशवी अख्खी बाहेर काढायची, अशी रीत आहे. माझ्याकडे येतं ते सलग जठर. ते मी स्वतः कात्रीने उघडते, थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून बसवते, कापलेल्या कडांना शाई लावते आणि गाठीपासून कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजते. मग भोवतीची चरबी चिमटीत धरून बोटांनी चाचपत लसिकाग्रंथी शोधायच्या. आम्ही त्यांना नोड म्हणतो. काही हरभऱ्याएवढे, काही तांदळाच्या कणीएवढे. कॅन्सरची पायरी, म्हणजे स्टेज, नीट ठरवायला किमान १६ नोड तरी तपासून व्हायला हवेत, म्हणून यात कधीकधी अर्धी दुपार जाते. फॉर्मवर लिहिलेलं नसेल, तर हे जठर पोट उघडून काढलंय की दुर्बिणीतून, हे नुसतं बघून मला सांगता येणार नाही.

तुकड्यांची भीती अगदी हवेतून आलेली नाही. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी यंत्राने बारीक करून काढायची पद्धत होती. त्यांत क्वचित लपलेला कॅन्सर असला तर तो पोटभर पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला. तो योग्यच होता. पण जठराच्या गाठीवर ते यंत्र कोणी चालवत नाही.

आता गॅस. पोटात भरतात तो कार्बन डायऑक्साइड. तो पेट घेत नाही, रक्तात लवकर विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. ऑपरेशननंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो तोही यामुळेच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आतड्याच्या कॅन्सरचे काही रुग्ण असे निघाले की ज्यांच्या भोकांच्या जागी कॅन्सर पुन्हा उगवला होता. सर्जन मंडळी धास्तावली आणि त्यांनी हा प्रश्न तपासायला घेतला. अमेरिकेतल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २००४ मध्ये आला: जखमेत कॅन्सर उगवण्याचं प्रमाण दोन्ही पद्धतींत एक टक्क्याहून कमी. आधीच्या त्रासाचं मूळ बरंचसं हाताळणीत होतं. गाठ चिमट्यात पकडणं, पिशवी न वापरता ती जखमेतून ओढणं, असे प्रकार त्या काळी होत.

‘हवा लागली की कॅन्सर पसरतो’ ही याचीच जुनी बहीण. सीटी स्कॅन नव्हते तेव्हा पोट उघडल्यावरच कळायचं की रोग सगळीकडे गेलाय. सर्जन पोट पुन्हा शिवून टाकायचे, माणूस महिन्या-दोन महिन्यांत जायचा आणि घरचे म्हणायचे, हवा लागली. आज नेमकं तेच टाळायला दुर्बीण उपयोगी पडते. पसरलेल्या कॅन्सरचे पोटाच्या अस्तरावरचे साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे सीटीत अनेकदा दिसत नाहीत. दुर्बिणीत दिसतात. दिसले की मोठा छेद न घेता रुग्णाला केमोकडे पाठवता येतं.

बरं, पण माणूस जगतो किती? जठराच्या कॅन्सरचं दुर्बिणीचं पहिलं ऑपरेशन १९९१ मध्ये जपानमध्ये झालं. जपान आणि कोरियात हा कॅन्सर खूप, त्यामुळे तपासणीही तिकडेच कसून झाली. कोरियात सुरुवातीच्या पायरीच्या १,४१६ रुग्णांवर चाचणी झाली. पाच वर्षांनी दुर्बिणीच्या गटातले ९४.२ टक्के आणि उघड्या ऑपरेशनच्या गटातले ९३.३ टक्के हयात होते. जखमेच्या तक्रारी दुर्बिणीच्या गटात कमी होत्या. पुढच्या पायरीच्या कॅन्सरवर चीनमध्ये हजाराहून जास्त रुग्णांची चाचणी झाली. तीन वर्षांनी रोग न उलटलेले दुर्बिणीच्या गटात ७६.५ आणि उघड्या गटात ७७.८ टक्के, म्हणजे मोजण्यासारखा फरक नाही.

या आकड्यांमागची एक अट मात्र दडवणं बरोबर नाही. कोरियाच्या चाचणीत सर्जनने आधी किमान ५० दुर्बिणीची आणि ५० उघडी अशी जठराची ऑपरेशनं केलेली असावी लागत. वर्षाकाठी दोन जठरं काढणाऱ्याला हे आकडे आपोआप लागू होत नाहीत. दुर्बीण सगळीकडे चांगलीच, असंही नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये २०१८ च्या मोठ्या चाचणीत उघडं ऑपरेशन सरस ठरलं: साडेचार वर्षांनी रोगमुक्त ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६. हे खुद्द डॉक्टरांनीच शोधलं आणि जाहीर केलं. म्हणून प्रत्येक अवयवाचा हिशेब वेगळा धरावा लागतो, आणि जठराचा तपासून झालेला आहे.

हाताने चाचपता येत नाही, हे मान्य. पण सुरुवातीचा कॅन्सर उघड्या पोटातही हाताला लागतोच असं नाही. त्यासाठी एंडोस्कोपीतून, म्हणजे तोंडावाटे जठरात नळी घालून, आधीच शाईची खूण करतात किंवा ऑपरेशन चालू असताना पुन्हा एंडोस्कोप घालून जागा पक्की करतात. शंका राहिलीच तर आमच्या लॅबचा फोन वाजतो. ऑपरेशन थिएटरमधला मुलगा कडेचा छोटा तुकडा घेऊन धावत येतो. उणे वीस अंशांवर गोठवून त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघून वीसेक मिनिटांत सांगायचं: कड साफ आहे, किंवा अजून घ्या. तोवर पेशंट भुलीत असतो आणि सर्जन हात थांबवून उत्तराची वाट बघत असतो.

बिल वाढतं का? हो, जठर कापून शिवणारे स्टेपलर महाग असतात. ‘लवकर घरी’ हेही दर वेळी होत नाही. नेदरलँड्समधल्या जठराच्या कॅन्सरच्या अशाच चाचणीत दोन्ही गटांचा मुक्काम साधारण सात दिवसांचाच होता. पण फॅड? मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून पोटाच्या निदानासाठी दुर्बीण वापरली आणि १९९० मध्ये भारतातलं पित्ताशयाचं पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन केलं, तेही जे. जे. रुग्णालयात. तिथे कोणत्या घरची माणसं येतात, हे महाराष्ट्राला सांगायला नको.

मध्येच पोट उघडावं लागणं म्हणजे सर्जन फसला, असं नाही. रक्त थांबत नाही, गाठ स्वादुपिंडाला चिकटलीय, मग उघडणंच शहाणपणाचं. ‘निम्म्या वेळा’ ही मेसेजमधली भर आहे. त्या मोठ्या चाचण्यांत असं फार थोड्यांच्या बाबतीत झालं.

राहिला चार महिन्यांचा काढा. त्या गृहस्थांच्या आईची गाठ नेहमीचा कॅन्सर नव्हती. जठराच्या भिंतीतली जिस्ट नावाची गाठ होती. तिच्यात सहसा नोड काढावे लागत नाहीत. गाठीभोवतीचा जठराचा थोडा भाग, गाठीचं आवरण फुटू न देता काढला की झालं. लहान असताना दुर्बिणीला अगदी सोयीची. मेसेज वाचून घरच्यांनी तारीख पुढे ढकलली. चौथ्या महिन्यात आईला डांबरासारखं काळं शौचाला झालं, चक्कर येऊन त्या न्हाणीघरात पडल्या. हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. रक्ताच्या बाटल्या लावून रात्री पोट उघडावं लागलं. माझ्याकडे आली ती गाठ वरून व्रण पडलेली, आत रक्त साकळलेली. आवरण शाबूत होतं. आज त्या बऱ्या आहेत.

चुलत्यांसाठी काय विचारायचं, ते मी त्यांना रिपोर्टच्या पाकिटावर लिहून दिलं. जठराची अशी किती ऑपरेशनं तुम्ही केलीत? आधी केमो लागेल का? पोटाच्या अस्तरावर दाणे नाहीत, हे दुर्बिणीने बघणार का? किती नोड निघतील? उघडायची वेळ आली तर तयारी आहे ना? त्यांनी पाकीट घडी करून खिशात ठेवलं आणि परगावच्या सर्जनची अपॉइंटमेंट गुरुवारची आहे, म्हणाले.