कोपरावरचं हेल्मेट

आज सकाळी बेतीच्या धक्क्यापासून पणजीच्या धक्क्यापर्यंत, म्हणजे फेरीबोट मांडवी ओलांडते तेवढ्या वेळात, मी आई म्हणून नापास झाले. परीक्षक एक काका. साठीचे, हाफ पँटमधले. एका हातात मालीमच्या जेटीवरून घेतलेल्या बांगड्यांची ठिबकणारी पिशवी, दुसऱ्या हाताच्या कोपरात अडकवलेलं हेल्मेट. डोक्यावर काही नव्हतं, केससुद्धा.

माझ्या ५ वर्षांच्या लेकाच्या डोक्यावर मात्र हेल्मेट होतं. निळं, वर शार्कसारखा सुळका असलेलं. कायद्याने ४ वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागतं, आणि ते चढवायला मला रोज दहा मिनिटं आणि एक चिकी लागते. त्यामुळे थोड्या कौतुकाची अपेक्षा होती.

"बाय, इतलें जड कित्याक भुरग्याच्या तकलेर? मान वांकडी जातली."

म्हणजे एवढं जड पोराच्या डोक्यावर कशाला, मान वाकडी होईल. मी हसले. हीच चूक. हसणाऱ्या बाईने सल्ला पुढे चालू ठेवायची परवानगी दिली असं समजतात.

"आमी भुरगीं आसतना हांगाच न्हंयेंत उडयो मारताले!" लहानपणी इथेच नदीत उड्या मारायचो म्हणे. पडलो, फुटलो, तरी मोठे झालोच की. तुम्ही आजकालच्या आया पोरांना धरून धरून भित्री करता. मोकळं सोड, आपोआप जबाबदार होईल.

बरं. सोडला हात. लेक कठड्याच्या दिशेने दोन पावलं गेला असेल-नसेल, तोच काका गरजले, "आगो, धर ताका! न्हंयेंत पडटलो!" आणि अख्खी बोट माझ्याकडे बघायला लागली.

एवढ्यावर भागेना. काका खाली वाकले, बांगड्यांचं पाणी माझ्या चपलेवर, आणि लेकालाच साक्षीला बोलावलं. "आवय मोबायल किती पळयता रे?" आई मोबाईल किती बघते, म्हणे.

शाळेत आज काय केलंस विचारलं तर 'काय नाय' एवढंच सांगणारा हा प्राणी. इथे मात्र वाहू लागला. "खूप! मला झोपवते आणि मग पांघरुणात घेऊन बघते. हसते पण."

शेजारचा स्कूटरवाला खोकला. ते हसणं होतं, मला कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर १ तास स्क्रीन असं सांगितलंय. आईला किती, ते मी शोधलंय. दिलेलं नाही.

लेकाचं लक्ष तोवर नदीत उभ्या कॅसिनोच्या जहाजाकडे गेलं. "आई, आपण त्या बोटीत कधी जायचं?" काकांनी परस्पर उत्तर दिलं, मोठा झालास की. कसला जातोय! २१ वर्षांखालच्यांना तिथे बंदी, आणि २०२० पासून गोंयकारांनाही. म्हणजे मी याला कितीही बिघडवला तरी तिथे घेणार नाहीत. पण संस्कारांची चर्चा मात्र त्याच जहाजाच्या सावलीत, माझ्याशी.

गंमत सोडा. हाच मुलगा याच बोटीतून बाबाबरोबर जातो, कधी कधी हेल्मेटशिवायही, तेव्हा याच बोटीतले लोक म्हणतात, 'केवढं करतो हो पोराचं!' त्याला अजून एकाही काकाने मोबाईलचे तास विचारलेले नाहीत. आणि शाळेजवळ पदपथावर गाड्या लावलेल्या असतात, पोराला कडेवर घेऊन रस्त्यातून चालावं लागतं, त्याबद्दल कुणाकडेच सल्ला नसतो.

धक्का जवळ आला. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, स्कूटर आणि मी. म्हटलं, "काका, जरा याचा हात धरता? स्टँड काढते."

काकांनी पिशवी वर करून दाखवली. "म्हज्या हातांत नुस्तें आसा." नुस्तें म्हणजे मासे.

फळी खाली आली, सगळ्या गाड्या एकदम गुरगुरल्या. पलीकडे ट्रॅफिक पोलीस दिसला आणि काकांच्या कोपरावरचं हेल्मेट एका झटक्यात डोक्यावर. नुस्तें असलेला हात कसा मोकळा झाला, देव जाणे.

"आई," लेक मागून ओरडला, "काकांची मान वाकडी होणार!"

एवढ्यावर मी दिवस काढला. रात्री पावणेदहाला तो झोपला असं वाटून मोबाईल उघडला, तर बाजूच्या उशीवरून आवाज आला, "किती वेळ बघणार? उद्या काकांना सांगायचंय."