युडीआयडी कार्ड नुसतं एसटीसाठी नसतं हो

आपल्याकडे हे कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढायचं ते दोनच कारणांसाठी, एसटीत 75 टक्के सवलत आणि संजय गांधीचा पगार, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पैसे. तेही मिळवायला सिव्हिल हॉस्पिटलची लाइन, सेतूत फॉर्म, तलाठ्याचा दाखला, मग तहसीलची मीटिंग होईल तेव्हा होईल... एवढं झाल्यावर माणूस कार्ड पाकिटात टाकतो ते एसटीतच बाहेर काढतो.

पण पोलीस केस आली की हे कार्ड आठवतच नाही कुणाला. आमचा मावसभाऊ, दोन्ही पाय पोलिओने गेलेले. शेजारच्या बांधाच्या भांडणात हा फक्त साक्षीदार. हवालदाराचा फोन आला, ठाण्यात येऊन जा, दोन मिनिटांचं काम आहे. कुबड्या घेऊन पायऱ्या चढला बिचारा आणि दुपारपर्यंत बाकड्यावर, का तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. बाथरूमला जायचं तर परत त्याच पायऱ्या, म्हणून पाणीसुद्धा प्यायला नाही!

आता कायदा बघा. नवीन बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, पोलीस तपास कसा करायचा ते सांगणारा कायदा, 1 जुलै 2024 पासून लागू आहे, त्याचं कलम 179 सांगतं की दिव्यांग माणसाला जबाबासाठी घराबाहेर कुठे बोलवायचंच नाही, पोलिसांनी घरी जायचं. हे काही नवीन नाही, त्याच्या आधीच्या जुन्या कायद्यात, सीआरपीसीत पण कलम 160 होतंच. स्वतःहून जायचं तर जा, पण जबरदस्ती नाही. साठीच्या पुढचे पुरुष आणि सगळ्या बायका, त्यांनाही हेच लागू. आरोपीचं वेगळं असतं, तिथे ही सूट धरून बसू नका, पण अटक का केली हे लगेच सांगायला लागतं आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायलाच लागतं.

वकिलाला पैसे कुठून आणू असं लोक म्हणतात. अहो दिव्यांग असाल तर सरकारकडून वकील फुकट मिळतो, 1987 चा विधी सेवा कायदा आहे आणि त्यात दिव्यांगांना उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, नाहीतर 15100 ला फोन लावा. गंमत बघा, वकिलाला उत्पन्न विचारत नाहीत आणि संजय गांधीच्या पगाराला मात्र घरचं वर्षाचं उत्पन्न 50 हजाराच्या आत पाहिजे. म्हणजे महिन्याला चार हजार, एवढ्यात घर चालतं हे कुणी ठरवलं देव जाणे. ऑक्टोबर 2025 पासून 1500 चे 2500 केले ते चांगलंच केलं, पण या अटीला कुणी हात लावत नाही.

अजून एक, चारचौघात कुणी मुद्दाम लंगड्या-आंधळ्या म्हणून अपमान केला तर तो पण गुन्हा आहे, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 92, सहा महिने ते पाच वर्षं कैद. ठाण्यात हे कलम लावा म्हटलं की पहिल्यांदा तोंडाकडेच बघतात, म्हणून तक्रार लेखी द्या, त्यात कलम लिहा, कार्डाची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. एफआयआरची कॉपी फिर्यादीला फुकट असते, ती घेतल्याशिवाय उठू नका.