"सोडून देतो ना, मग शिकार कसली?" : कावेरीतल्या महासीरवाल्या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज तिसऱ्यांदा आलाय, यावेळी इंग्लंडातल्या चुलत भावाकडून. थोडक्यात म्हणणं असं, की कर्नाटकात कावेरीवर महासीर (नदीतला मोठा, ताकदवान मासा) गळाने पकडायला परदेशी पाहुण्यांना कसलीच आडकाठी नाही, मासा वन्यजीव कायद्याच्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत नाही, शिवाय पकडून परत सोडायचा असतो म्हणून ती शिकार नाहीच, उलट या अँगलिंगनेच, म्हणजे हौशी गळमासेमारीनेच, महासीर वाचला आणि २०१२ साली सरकारने उगाच बंद केलं, आता कॅम्पवाल्याला पैसे दिले की झालं. भाऊ डिसेंबरात रॉड घेऊन येतोय. मी स्वतः गळ टाकणारा माणूस आहे, अँगलिंगचा दुश्मन नाही, म्हणून जरा सविस्तर.

"यादीत नाही." बरं, नसेल. पण भीमेश्वरी, गॅलीबोर हे जुने फिशिंग कॅम्प जिथे होते तो पट्टा कावेरी वन्यजीव अभयारण्यात येतो, आणि तिथे यादी बघायची वेळच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम २९ अभयारण्यातल्या कुठल्याही वन्यजीवाबद्दल बोलतं, मासा त्यात आला, तिथे परवानगीशिवाय हात लावायचा नाही. यादी बघायची ती अभयारण्याबाहेरच्या पाण्यासाठी.

"सोडतो म्हणून शिकार नाही." याच कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारणं आहे तसं पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं हेही आहे. नंतर सोडलं का, हा प्रश्नच कुणी विचारलेला नाही. २०१२ ला अभयारण्यातलं अँगलिंग थांबलं ते याच मुद्द्यावर, कुणाच्या लहरीने नाही. तू बिबट्या पिंजऱ्यात पकडून सेल्फी काढून सोडलास तर चालेल का? नाही ना, मग मासा ओरडत नाही एवढाच काय तो फरक.

एक मात्र कबूल. सोडलेला महासीर बहुतेक वेळा जगतो, कावेरीतच तसा अभ्यास झालाय. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की झुंज जितकी लांबते आणि मासा हवेत जितका जास्त वेळ धरला जातो तितका तो लुळा पडतो. आणि आपल्या लोकांचं फोटोसेशन किती वेळ चालतं हे मला सांगू नका.

आता खरा मुद्दा, "अँगलिंगनेच महासीर वाचला". हे अर्धं खरं आहे म्हणूनच जास्त डेंजर. कॅम्प होते तेव्हा गिली, म्हणजे हरिगोल (टोपलीसारखी गोल नाव) चालवणारी गावातली पोरं, नदीवर दिवसभर असायची, त्यामुळे सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर वचक होता, हे मी मानतो. पण कुठला महासीर वाचला? कावेरीचा मूळचा राजा म्हणजे केशरी परांचा, पाठीवर कुबड असलेला. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोचा, तो हाच. गॅलीबोरच्या कॅम्पमध्ये १९९८ ते २०१२ कुणी काय पकडलं याच्या वह्या ठेवल्या होत्या, त्या नंतर संशोधकांनी तपासल्या. एकूण मासे वाढले, छान वाटतं, पण ते निळसर परांचे होते. कुबडवाला कमी कमी होत गेला आणि जे थोडे लागले ते मोठेच, म्हणजे म्हातारे उरले आणि पिल्लं कुठेच नाहीत. शेवटी २०१८ मध्ये आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेने त्याला अतिसंकटग्रस्त यादीत टाकलं, आणि त्याला धड शास्त्रीय नावसुद्धा त्याच वर्षी चिकटलं.

आणि तो निळसर परांचा कोण? आपलाच! त्याचं शास्त्रीय नाव खुद्री, १८३९ मध्ये साईक्स नावाच्या कर्नलने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ठेवलेलं, आपला खडशी तो. लोणावळ्यात टाटांच्या मत्स्यकेंद्रात त्याची पिल्लं तयार करून राज्याराज्यांत वाटली गेली, चांगल्या हेतूने, आणि त्यातलीच कावेरीत सोडली गेली. आता मूळचा का हटला याला धरणं, वाळूउपसा, सुरुंग असं बरंच कारण आहे, पण परका भाऊबंद घरात आणून बसवणं हेही त्यात आलंच. गळाला लावलेल्या नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यावर जो येईल तो "महासीर" म्हणून मोजत गेलं की आकडा वाढतोच, त्यात राजा गेला हे वहीत बघितल्याशिवाय कळत नाही.

"कॅम्पवाल्याला पैसे दिले की झालं." त्याची पावती ही जेवणाची आणि खोलीची. अभयारण्यात परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांच्या सहीची लागते, आणि कलम २९ खाली ती फक्त वन्यजीवांच्या भल्यासाठी मिळते, आपल्या हौसेसाठी नाही.

आणि दादा, एक विचारतो, राग मानू नकोस. तुझ्याकडे इंग्लंडात तलावाकाठी रॉड घेऊन बसायचं तर लायसन्स काढतोस ना? नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंद असतं ते पाळतोस ना? मग विमानातून उतरल्यावर काय होतं?

रॉड आणायचाच असेल तर मार्चनंतर ये, हिमाचलात तीर्थन नदीवर जाऊ. मत्स्यखात्याचं लायसन्स काढायचं, ट्राउटला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असतं म्हणून डिसेंबरचं तिकीट तिथे उपयोगाचं नाही. आणि इथल्या धरणावर बसायचं म्हणशील तर तिथला मासा बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यातला असतो, त्यांना आधी विचारावं लागतं. मी ओळखीच्या एका सोसायटीत विचारून ठेवतो. नाहीच जमलं तर रॉड घरी ठेवू आणि देहूला घाटावर जाऊ, लहानपणी इंद्रायणीत चुरमुरे टाकायचो तसे टाकू.