पद्मिनी घेताना आधी पत्रा बघा
जुन्या गाड्यांच्या संग्रहात दोनदारी गाडीच शोभते, हे एका लेखातलं मत पटलं नाही. मुंबईत कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी चारदारीच, आणि तिचा डौल काही कमी नाही. फक्त घेताना १०८९ सीसीच्या इंजिनावर भाळू नका. ते उघडून बांधता येतं. तिला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावर. मुंबईच्या खाऱ्या हवेत दाराखालचे सिल (उंबऱ्यासारखा पत्र्याचा भाग), जॅक लावायची जागा आणि मॅटखालचा फ्लोअर कुजतो. पातळ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून फिरवा. चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली समजा. (वरून ताजं डांबर फासलेलं दिसलं तर जास्तच खरवडा.) कुजलेले सिल बदलायला कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून घ्या, नाहीतर बॉडी खचते आणि दारं पुन्हा नीट बसत नाहीत.