फोटो विकताय की पावती?

आज मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लिंक टाकली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या जुन्या रॅप कार्यक्रमाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, 'डिजिटल कलेक्टिबल' म्हणून विक्रीला. वर सल्ला, "आत्ता घ्या, पुढे दसपट." खाली आपल्याच लोकांच्या अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं.

अहो, घेणाऱ्याच्या हाती येतं काय? ब्लॉकचेन नावाच्या सामायिक डिजिटल वहीतली एक नोंद, म्हणजे टोकन. चित्र बहुतेकदा भलत्याच सर्व्हरवर. वेगळं लिहून दिलं नसेल तर कॉपीराइटही तुमचा नाही. निगेटिव्हचं तर नावच नको. म्हणजे जमीन एकाची, कब्जा दुसऱ्याचा, आणि आपण सातबाऱ्याची झेरॉक्स फ्रेम करून भिंतीवर लावायची!

मागे ब्राँक्समध्येच रस्त्यावरच्या जत्रेत एक म्हातारे फोटोग्राफर टेबल मांडून बसले होते. प्लास्टिकच्या पाकिटांत प्रिंट्स. मी सवयीने घासाघीस करत होते. शेजारी एक बाई वाकून बघत होत्या. एका फोटोत स्टेजच्या कडेला रेकॉर्ड्सचा क्रेट उचललेला पोरगा होता, त्याच्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा माझा भाऊ." आजोबांनी प्रिंट बाहेर काढली, उलटी केली, बाई स्पेलिंग सांगतील तसं मागे पेन्सिलीने नाव लिहिलं आणि प्रिंट त्यांच्या हातात दिली. पैसे नाही घेतले. माझ्याकडून मात्र पूर्ण घेतले, एक डॉलर सोडला नाही!

त्या लिंकखाली वर्णन काय, तर 'कलाकार आणि प्रेक्षक'. बस्स. क्रेट उचलणारी पोरं या असल्या मालात 'प्रेक्षक' होतात. हिप-हॉप, म्हणजे रॅपची ही सगळी दुनिया, उभी राहिली ती अशाच पोरांवर. 1973 मध्ये ब्राँक्समधल्याच सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या इमारतीत डीजे कूल हर्कने पार्टी केली, तेव्हा कुणी गुंतवणूक म्हणून आलं नव्हतं.

2021 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात बीपल या डिजिटल चित्रकाराचं असंच टोकन सुमारे 6.9 कोटी डॉलरला गेलं आणि सगळ्यांनी कपाटं उपसायला घेतली. त्याच्या आदल्या वर्षी सदबीजच्या लिलावात रॅपर बिगीचा प्लास्टिकचा मुकुट जवळपास 5 लाख 95 हजार डॉलरला गेला होता. वेडेपणाच, पण निदान मुकुट तरी हातात आला!

हो, मान्य. या फोटोग्राफरांना मासिकांनी चिल्लर दिली, आणि टोकनच्या प्रत्येक पुनर्विक्रीत त्यांना वाटा ही कल्पना चांगली होती. मग 2023 मध्ये ओपनसी या टोकनांच्या ऑनलाइन बाजाराने तो वाटा ऐच्छिक करून टाकला. झालं कल्याण.

लिहिता लिहिता राग जरा निवला. उद्या त्या आजोबांनीच औषधपाण्यासाठी टोकन काढलं तर मी त्यांना बोल लावणार नाही. विकणाऱ्या म्हाताऱ्यावर राग नाहीच माझा. 'दसपट'वाल्यांवर आहे. त्यांना त्या पोराचं नाव विचारा, नाही सांगता येणार. आजोबांनी विचारून लिहून घेतलं होतं.

फोटोच बघायचे असतील तर जो कॉन्झोचे बघा. साउथ ब्राँक्सचाच मुलगा, शाळेत असल्यापासून कोल्ड क्रश ब्रदर्स या रॅप ग्रुपचे फोटो काढायचा, पुढे न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात रुग्णवाहिकेवर नोकरी केली. त्याचा संग्रह कॉर्नेल विद्यापीठाने जपलाय आणि ऑनलाइन फुकट बघता येतो. तिथेच बडी एस्क्वायरने हाताने केलेली पार्ट्यांची फ्लायर्सही आहेत. अक्षरं बघा एकेक, काय हात होता माणसाचा!